आरशातलं ६४ की बहिणीने मोजलेलं ६१?

चष्म्यासाठी पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर, आरशासमोर ६४ मिमी येतो आणि बहिणीने समोर बसून मोजला की ६१, यातला खरा कुठला, असा प्रश्न आहे. माझा कौल आरशाला.

आरशात एक डोळा मिटून बघताना उघडा डोळा स्वतःच्याच बाहुलीकडे सरळ बघत असतो. पट्टी कपाळाला टेकवून, डोकं न हलवता दोन्ही डोळ्यांनी आलटून पालटून वाचलं, तर दूरचा (लांब बघतानाचा) पीडी मिळतो. बहीण जवळ बसली की आपण तिच्याकडे बघतो, बुबुळं आत वळतात आणि अंतर दोन-तीन मिमीने घटतं. म्हणजे ६१ हा साधारण वाचनाच्या चष्म्याचा आकडा झाला. तिच्याकडूनच मोजून घ्यायचं तर तिच्या खांद्यावरून लांब कुठेतरी बघत राहा.

आपल्या गडद डोळ्यांत बाहुलीचा मध्य दिसतच नाही, ही खरी कटकट. त्यावर उपाय: एका बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. अंतर तेच येतं आणि कडा स्पष्ट दिसते.

आता ३ मिमीने काय बिघडतं? ते नंबरवर आहे. उणे १ असेल तर ०.३ प्रिझम (काच प्रकाश किती बाजूला वळवते त्याचं माप), बहुधा जाणवणारही नाही. उणे ६ ला तोच फरक १.८ होतो, मग डोकेदुखी होऊ शकते.

प्रोग्रेसिव्ह काच (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) असेल तर मात्र पट्टी बाजूला ठेवा. तिथे प्रत्येक डोळ्याचं नाकापासूनचं वेगळं अंतर आणि फ्रेममधली उंचीही लागते, तीही तुमची निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर असताना.