वायरगार्ड जोडलं जातं, घरचा रास्पबेरी पाय दिसतो, पण इंटरनेट येईना

जमाखर्च
नमस्कार मंडळी. मी परभणीचा, हिशेबाची आणि जीएसटीची कामं करतो. आठवड्यातले चार दिवस गंगाखेडला एका गाळ्यात बसतो. माझ्या एका जिनिंगवाल्या गिऱ्हाइकाचं बिलांचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर आहे आणि त्यांनी फक्त माझ्या परभणीच्या घरच्या स्थिर आयपीला (इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्याला) परवानगी दिलीय. म्हणून घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर वायरगार्ड बसवलं (इंटरनेटवरून दोन यंत्रांमध्ये खाजगी वाट, म्हणजे टनेल, काढणारं सॉफ्टवेअर) आणि गंगाखेडहून लॅपटॉपचं सगळं इंटरनेट घरावरून फिरवून घेतो. दीड वर्ष सुरळीत चाललं.

सोमवारपासून बंद. टनेल जोडलं जातं, शेवटचा हँडशेक (दोन्ही टोकांनी एकमेकांची ओळख पटवणं) ४० सेकंदांपूर्वीचा दाखवतंय. पायच्या टनेलमधल्या पत्त्याला, १०.८.०.१ ला, पिंग (उत्तर येतं का बघायची हाक) जातो, म्हणजे घरापर्यंत पोहोचतोय. पण एकही साइट उघडेना. टनेल बंद केलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सगळं चालतं. लॅपटॉपच्या अलाउड आयपीमध्ये (कोणत्या पत्त्यांची रहदारी टनेलमधून न्यायची ती यादी) ०.०.०.०/०, म्हणजे सगळे पत्ते, आहे, त्याला हात लावलेला नाही.

काल आईला फोनवर सांगून राउटर तीनदा बंद-चालू करायला लावला. आईचं वय ७१. स्टुलावर चढून बटण दाबावं लागतं, म्हणून आता तिला पुन्हा सांगायचा धीर होत नाही. जीएसटीच्या ३बी रिटर्नची तारीख २० आहे आणि आज १६. काय तपासू ते सुधरेना गेलंय.

बालाघाट
डीएनएस (साइटच्या नावावरून आकडी पत्ता शोधणारी सोय) बघा आधी. नावानं साइट उघडत नसेल तर आकड्यानं पिंग करून पाहा, ८.८.८.८ किंवा १.१.१.१. आकड्याला उत्तर आलं तर लॅपटॉपच्या वायरगार्ड फाईलमधली डीएनएसची ओळ चुकलीय.

जमाखर्च
केलं दादा. दोन्ही आकड्यांना उत्तर नाही.

मांजराकाठ
मग डीएनएस नाही. आणि आधी एक सांगते, राउटरला आता हात लावू नका, आईंना स्टुलावर चढवू नका. चावी (ओळख पटवायचा गुप्त कोड) चुकली किंवा राउटरनं पोर्ट पायकडं वळवलेलं नसलं तर वायरगार्ड उत्तरच देत नाही, गप्प राहतं. रहदारी चालू असली की ते साधारण दर दोन मिनिटांनी नवा हँडशेक करतं. तुमचा ४० सेकंदांचा ताजा हँडशेक आहे, म्हणजे चाव्या बरोबर, ५१८२० पोर्ट बरोबर, स्थिर आयपी बरोबर. बिघाड पायच्या पुढं आहे.

दोन प्रश्न. घरात पायशिवाय दुसरं काही चालू आहे का, प्रिंटर वगैरे? त्याला टनेलमधून पिंग जातो का? आणि सोमवारच्या आधी घरी काय हलवलं, काय बदललं? अगदी किरकोळ असलं तरी सांगा.

जमाखर्च
ताई, तुम्ही विचारलंत म्हणून पाहिलं. पायच्या घरच्या पत्त्याला, १९२.१६८.१.१० ला, उत्तर येतं. प्रिंटर १९२.१६८.१.२० वर आहे, त्याला येत नाही. प्रिंटर चालू आहे, आईनं हिरवा दिवा बघून सांगितलं.

बदल म्हणाल तर महालक्ष्म्यांच्या वेळी झाला. महालक्ष्म्या बसवायला आईला हॉलचा तो कोपरा लागतो. पायची डबी तिथं फळीवर होती, ती उचलून राउटरच्या शेजारी ठेवली. इतक्या जवळ आली म्हणून वायफाय बंद करून केबल लावली. पत्ता तोच राहावा म्हणून राउटरात बांधून दिला. सणाचे दिवस घरीच होतो, बाहेरून टनेल वापरायची वेळ आली नाही. सोमवारी गंगाखेडला आलो तेव्हा कळलं.

मांजराकाठ
सापडलं बहुतेक.

तुमच्या लॅपटॉपचं डेटाचं पाकीट पायपर्यंत येतं तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी १०.८.०.२ लिहिलेलं असतं. हा पत्ता फक्त पायला माहीत आहे. प्रिंटरला माहीत नाही, राउटरला माहीत नाही. उत्तर कुठं टाकायचं हेच त्यांना कळत नाही. म्हणून पायनं पाकीट पुढं सोडताना त्यावर स्वतःचा पत्ता लिहायचा असतो. ते काम आयपीटेबल्समधली (पायवरच्या रहदारीच्या नियमांमधली) मास्करेडची ओळ करते, आणि त्या ओळीत पाकीट कोणत्या दारातून बाहेर पडतंय ते दार नावानं लिहिलेलं असतं. तुम्ही बसवलं तेव्हा पाय वायफायवर होता, म्हणजे ओळीत डब्ल्यूलॅन-झिरो असणार. आता पाकिटं केबलच्या दारानं, ईथ-झिरोनं, निघतायत. ओळ जुन्या दारावर उभी आहे.

पाय स्वतः उत्तर देतो आणि प्रिंटर देत नाही, हे त्याचमुळं. टनेलमधून पायवर एसएसएचनं (दुरून आज्ञा द्यायची सोय) शिरा आणि नॅटचा, म्हणजे पत्ते बदलायच्या नियमांचा, तक्ता मोजणीसकट छापून बघा. मास्करेडच्या ओळीपुढं शून्य पाकिटं असतील. आयपी फॉरवर्डिंग (पाकिटं पुढं सोडायची परवानगी) १, म्हणजे चालू, आहे का तेही लगे हात बघा.

दुरुस्तीचा क्रम मात्र पाळा. आधी ईथ-झिरोची नवी ओळ चालू यंत्रणेतच घाला, इंटरनेट येतं का पाहा. मग वायरगार्डच्या फाईलमधल्या पोस्टअप आणि पोस्टडाउन (टनेल सुरू आणि बंद होताना चालणाऱ्या आज्ञा) या दोन्ही ओळींत दाराचं नाव बदला. टनेल बंद करून परत चालू करायचा मोह आवरा. त्याच टनेलमधून तुम्ही आत बसलाय, बंद केलंत की बाहेर फेकले जाल. रीस्टार्ट परभणीला गेल्यावर.

जमाखर्च
ताई, अगदी तसंच निघालं. फॉरवर्डिंग १ होतं. मास्करेडच्या ओळीपुढं पाकिटं ०, बाइट ०, आणि दाराचं नाव डब्ल्यूलॅन-झिरो. तो शून्य बघून मी गाळ्यात उठूनच उभा राहिलो. नवी ओळ घातली आणि ८.८.८.८ चं उत्तर लगेच सुरू झालं, प्रिंटरही बोलायला लागला. गंगाखेडातून परभणीची गाडी न धरता काम झालं. तुमचे उपकार कसे फेडू सांगा.

एकच राहिलंय. गुगल उघडतं, बातम्या उघडतात, जिनिंगच्या सॉफ्टवेअरचं लॉगिनही होतं. पण महिन्याच्या बिलांची यादी मागितली की चक्र फिरतच राहतं. आधी असं नव्हतं. मध्यंतरी मोबाइलचं सिम मात्र बदललंय, हॉटस्पॉट त्याच्यावरच आहे.

बालाघाट
हे मला माहीत आहे, माझंही झालं होतं. एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार (बाइटमध्ये). बाजार समितीत पोतं थप्पीला लावताना दार अरुंद असलं तर पूर्ण भरलेलं पोतं अडकतं, अर्धं भरलेलं निघून जातं, तसं. पिंगची पाकिटं एवढीशी असतात म्हणून जातात, यादीची पाकिटं पूर्ण भरलेली असतात म्हणून अडकतात. वायरगार्ड १५०० मधून स्वतःच्या वेष्टणासाठी ८० बाजूला काढून १४२० धरतं. पण वाटेत दार १५०० चं नसेल तर? फायबरला पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन जोडायची पद्धत) असेल तर १४९२ च असतं, आणि काही मोबाइल नेटवर्कवर आत आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) असल्यामुळं आणखी कमी पडतं.

विंडोज असेल तर पिंगला -एफ लावा म्हणजे तुकडे होणार नाहीत, आणि -एल लावून आकार द्या. १३९२ देऊन बघा, मग १२५२. त्यात पिंगच्या वेष्टणाचे २८ मिळवले की १४२० आणि १२८० होतात. पहिल्याला उत्तर नाही आणि दुसऱ्याला आहे असं झालं तर लॅपटॉपच्या फाईलमध्ये इंटरफेसखाली एमटीयू १२८० लिहा. पायवरही तेवढंच ठेवा. वेगात फरक जाणवत नाही, मी वर्षभर तसंच वापरतोय.

मांजराकाठ
बरोबर. लॅपटॉपच्या बाजूचं टनेल बंद-चालू केलं तर चालतं, पायच्या बाजूचं नको. आणि अलाउड आयपीमध्ये ::/०, म्हणजे आयपीव्ही६ चे सगळे पत्ते, पण घालून ठेवा. नव्या सिमवर आयपीव्ही६ असेल तर काही साइट टनेल सोडून थेट मोबाइलवरून जातील. उद्या त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आयपीव्ही६ सुरू केलं तर त्यांना तुमचा परभणीचा पत्ता दिसणार नाही आणि तुम्हाला दारातच अडवतील.

जमाखर्च
१३९२ ला उत्तर नाही, १२५२ ला चारही आली. १२८० केलं आणि ऑगस्टची सगळी बिलं, २१४, एका दमात उघडली. ::/० पण घातलं. दोघांचे मनापासून आभार.

शनिवारी परभणीला जाऊन पायच्या फाईलमधला एमटीयू लावला, दोन्ही ओळींतलं नाव बदललेलंच होतं, आणि पाय तीनदा रीस्टार्ट करून पाहिला. तिन्ही वेळा मोबाइलच्या नेटवरून बाहेरून जोडून बघितलं, इंटरनेट येतंय. राउटरचं बटणही भिंतीवर खाली, आईच्या हाताला येईल असं घेतलं. जिनिंगचं ३बी आज १९ ला भरलं. पायच्या डबीवर कागद चिकटवलाय, त्यावर लिहिलंय: केबल काढली तर ओळ बदला.