शेवटपर्यंत टिकलेल्यांचे अनुभव लिहा

धागाकर्ती:
मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, विश्वासाची साक्ष द्यायला उठलं की आपण बहुतेक सगळे सुरुवातच सांगतो, प्रभू कसा भेटला, बाप्तिस्मा कधी घेतला. त्यापुढची तीस-चाळीस वर्षं कशी गेली हे कुणी विचारत नाही, आणि मला तेच ऐकायचंय. आजारपण, पैशाची ओढाताण, मंडळीतली भांडणं, या सगळ्यातून विश्वास आणि सेवा धरून राहिलेलं माणूस जवळून पाहिलं असेल तर लिहा, स्वतःचं असेल तर स्वतःचं लिहा.

मला पहिल्यांदा पंडिता रमाबाईच आठवतात. विधवांसाठीचं शारदा सदन, दुष्काळातल्या मुली केडगावला आणल्या, हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांचं शेवटचं वर्ष बघा ना. १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, केडगावच्या मुक्ती मिशनचं काम जिच्या हाती द्यायचं तीच. बाईंना ऐकू येत नव्हतं, तब्येत खचलेली, तरी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्या तपासत बसल्या, आणि ते छापण्याचं कामही मुक्तीतल्याच बायका-मुलींनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. पोटची पोर गेल्यावर पुन्हा प्रुफं पुढ्यात घेणं, मला तर वाचतानाही गलबलतं.

नेवाशाकडचा:
आमचे आजोबा खेड्यातले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. पगार नावालाच, कापणीच्या सणाला लोक बाजरी-ज्वारी आणून वेदीपुढे ठेवायचे त्यावर घर चालायचं. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती कीर्तनाची जुनी परंपरा आहे आणि आजोबा त्यातले पक्के, पेटी-तबला घेऊन वस्त्यावस्त्यांवर जायचे. रिटायर झाले तरी सायकल थांबली नाही, मग डोळ्यात मोतीबिंदू वाढला आणि सायकलही सुटली. तेव्हा काय करायचे तर संध्याकाळी ओट्यावर बसून पोरांना गाणी पाठ करून घ्यायचे, आजी पुस्तकातून एक ओळ वाचायची, आजोबा चाल धरायचे, कुणी चुकलं की मांडीवर थाप मारून परत पहिल्यापासून. त्यातली काही पोरं आज क्वायरमध्ये आहेत. मोठ्या स्टेजवर आजोबा कधी बसले नाहीत, पण आमच्या भागात त्यांचं नाव निघालं की लोक उठून बोलायला लागतात.

सिस्टर आत्याची भाची:
आत्या एका मिशन हॉस्पिटलमध्ये नर्स होती. एक काळ असा आला की पगार महिनोन् महिने थकायचे, चांगल्या चांगल्या नर्स गल्फला गेल्या आणि कुणी त्यांना दोष देऊ नये, घरं चालवायची होती. आत्या राहिली. कुष्ठरोग्यांचं ड्रेसिंग तिच्याकडे असायचं. मी लहानपणी बघितलंय, ती आधी कोमट पाण्यात पाय भिजवायला लावायची, मग खाली बसून तो पाय स्वतःच्या मांडीवरच्या टॉवेलवर घ्यायची आणि बोलत बोलत कडेची कडक झालेली कातडी काढायची, घरी कोण आहे, सुनेला काय झालं, सगळी चौकशी. पायाला संवेदना नाही त्यामुळे पेशंटला दुखायचं नाही, पण तरी ती हळूच करायची. मी एकदा विचारलं, त्यांना कळतच नाही तर एवढं हळू कशाला? तर म्हणाली, अगं त्यांना दिसतं ना.

वसईकर:
आमच्याकडे कॅथलिक पद्धत, पण अनुभव तोच. बाबा वर्षानुवर्षं आजाऱ्यांना घरोघरी कम्युनियन, म्हणजे चर्चमधली पवित्र भाकर, न्यायचे. नंतर स्वतःच अंथरुणाला खिळले आणि आता दुसरं कुणी त्यांना आणून देतं. पहिले काही महिने त्यांना ते फार जड गेलं, सेवा करायची सवय असलेल्या माणसाला घेणं जमत नाही हो. आता मी त्यांना गावातल्या आजारी लोकांची नावं वाचून दाखवते आणि ते एकेकासाठी रोझरीचं, म्हणजे जपमाळेचं, एकेक दशक (दहा मण्यांच्या प्रार्थना) म्हणतात. कुणाचं नाव राहिलं तर लगेच विचारतात.

संडे स्कूल टीचर:
मी जरा वेगळं लिहिते. मुलगा गेल्यानंतर मला प्रार्थनेत काहीच जाणवेनासं झालं, अजूनही बरेचदा जाणवत नाही. लोक म्हणायचे विश्वास कमी पडतोय, आणि असं बोलणाऱ्यांनी खरंच जरा थांबावं असं मला वाटतं. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा कळलं की त्यांनाही आत अंधार होता, आणि तोही कित्येक वर्षं, तरी रोज पहाटे उठून प्रार्थना आणि मग रस्त्यावरच्या लोकांकडे. ते वाचून मला फार धीर आला. मी वर्ग सोडला नाही. दर रविवारी फळा पुसते, मुलांना बायबलचं वचन पाठ करायला लावते. माझ्यासाठी सध्या विश्वास एवढाच आहे आणि तो मी खराच समजते.

पुण्याचा पाळक:
ताई, तुमचं वाचून थांबलो. बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आपण फक्त 'सुयुद्ध केलं, धाव संपवली' एवढंच वाचतो आणि मयतीला तेवढंच म्हणतो. पण त्याच्याच पुढे पौल लिहितो सोबती देमास सोडून गेला, लूक एकटा जवळ आहे, त्रोवसाला राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याआधी ये. धाव संपवणारा माणूस थंडीने आणि एकटेपणाने बेजार आहे! आणि मार्काला घेऊन ये म्हणतो. हा तोच मार्क, जो सेवेच्या प्रवासात पंफुल्यातून अर्ध्यावर परत गेला होता आणि ज्याच्यावरून पौलाचं सोबती बर्णबाशी भांडण झालं होतं. माझ्यासोबत शिकलेला एक सेवक अगदी थकून सेवा सोडून गेला होता, बरीच वर्षं दुकान चालवलं, आता परत आलाय, आणि दुःखी घरात काय बोलू नये हे त्याच्याइतकं आमच्यात कुणाला कळत नाही. म्हणून मी सोडून गेलेल्यांची नावं प्रार्थनेच्या यादीतून कधीच काढत नाही.

नगरची लेक:
कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य ख्रिस्तायन अर्धवटच होतं. पुढचं बहुतेक सगळं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रचलं, ज्यांना लिहाय-वाचायला लग्नानंतर शिकवलं गेलं त्या बाईंनी! एकाने सुरू केलेली सेवा दुसऱ्याने पुढे नेली, तरी दोघं शेवटपर्यंत टिकले असंच मी म्हणेन.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, अजून लिहा. एक विनंती आहे, आपापल्या मंडळीतले रिटायर झालेले पाळक, बायबल वुमन (घरोघरी बायबल सांगणाऱ्या सेविका), नर्स कुठे राहतात, औषधपाण्याचं कोण बघतं, हे जरा चौकशी करून इथेच सांगाल का? आमच्याकडे दोन वयस्कर सेविका एकट्या राहतात, येत्या रविवारी उपासनेनंतर आम्ही काही जणी डबा घेऊन जातोय.