मनीषनगर, तिसरा मजला, एक कूलर आणि ओल्ड इंग्लिश शीपडॉग : सल्ला हवा

तर्री_पोहा (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. ओल्ड इंग्लिश शीपडॉग घ्यायचं मनात आहे. डुलक्स पेंटच्या जाहिरातीतला, डोळ्यांवर झिपऱ्या आलेला, तोच. फ्लॅट नागपूरला, मनीषनगरात, तिसरा मजला, लिफ्ट आहे. घरात आम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. हॉलमध्ये मोठा कूलर, एसी फक्त सासूबाईंच्या खोलीत. पिल्लासाठी 40 हजार, पुढे महिन्याला 5 हजार, त्यावर एक रुपया नाही. तीन प्रश्न : इथला उन्हाळा झेपेल का, केसांना किती वेळ द्यावा लागतो, मुलाबरोबर कसा राहील? "घेऊ नका" म्हणायचं असेल तर कारण सांगून म्हणा.

संत्रानगरी
घेऊ नका. कारण : मे महिना. 23 मे 2013 ला इथे 47.9 होतं. एवढं कारण पुरे.

काळा_लॅब
लॅब्रॅडॉर घ्या. केस आखूड, मुलांशी गोड, औषधं आणि डॉक्टर सगळीकडे.

सिव्हिल_लाइन्स
दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, 24 वर, सकाळी 11 ते रात्री 9. वर खोलीला स्टॅबिलायझर आणि वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा. आमच्या हस्कीला एवढं लागतंच, तुमच्यालाही लागेल. दिवसाला 10-12 युनिट धरून चाला. हौस आहे तर पैशाकडे पाहू नये.

तर्री_पोहा
@सिव्हिल_लाइन्स, बजेट लिहिलंय हो वर.

कंगवा_कात्री
केसांचं मी सांगतो, कारण हा कुत्रा उन्हामुळे कमी आणि केसांमुळे जास्त परत केला जातो.

अंगावर दोन थर असतात. वरचा भरड आणि आतला मऊ, लोकरीसारखा. आतला थर गळतो, पण जमिनीवर पडत नाही. वरच्या केसांत अडकतो आणि तिथेच त्याच्या जटा होतात. म्हणून "हा कुत्रा केस गाळत नाही" असं कुणी सांगितलं तर समजा की न गळलेले केस तुम्हालाच काढायचे आहेत. पूर्ण केस ठेवले तर आठवड्याला 3 ते 4 तास, दोन बैठकांत. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा चकाचक दिसतो आणि कातडीलगत जटांचा घट्ट नमदा तयार होत असतो. कुत्र्याला कुशीवर निजवा, पोटाकडून सुरुवात करा. एका हाताने केस वर धरून ठेवा, दुसऱ्या हाताने बोटभर रुंदीची एक ओळ खाली सोडा, कातडी दिसली पाहिजे. पिन ब्रशने ती ओळ सोडवा, मग पुढची. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच ती जागा झाली म्हणायची. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि पट्ट्याखाली रोज बोटं घालून पाहा.

आंघोळीआधी विंचरायचं, नंतर नाही. जटेवर पाणी पडलं की ती लोकरीसारखी आवळते, मग कात्रीशिवाय इलाज नाही. आंघोळीनंतर ब्लोअरने मुळापर्यंत वाळवायचं, गरम हवा नको, नुसता जोर हवा. मोठ्या कुत्र्याला दीड-दोन तास लागतात. पावसाळ्यात इथेच चूक होते. वरून कोरडा वाटतो, आत ओल राहते, दोन दिवसांत लाल, चिकट, पाणी सुटलेला चट्टा. त्यावर हळद-तेल लावू नका. भोवतीचे केस मशीनने काढा, जागा कोरडी करा आणि डॉक्टरला दाखवा.

सगळ्यात वाईट काळ साधारण 9 महिने ते दीड वर्ष. पिल्लाचे केस जाऊन मोठ्याचे येतात, रात्रीत जटा होतात. पुष्कळ लोक इथेच हात टेकतात.

संत्रानगरी
एवढं करण्यापेक्षा टक्कल करा ना उन्हाळ्यात.

वाडी_नाका
अजिबात करू नका!! केस म्हणजेच त्याचा उन्हापासून बचाव. कापले तर उष्माघात आधी होतो.

कंगवा_कात्री
अर्धं बरोबर. केसांत हवा खेळत असेल तर ते ऊन अडवतात. जटा झालेल्या केसांत हवा नसते, ती नुसती गोधडी. अगदी कातडीपर्यंत सोलायचं नाही, कारण गुलाबी कातडी उन्हात भाजते. 2 ते 3 सेंटीमीटर ठेवायचे. मशीनवर 4 नंबरची फिनिशिंग ब्लेड लावली तर साधारण साडेनऊ मिलिमीटर उरतात, त्याहून लांब हवे तर वरून कंगवा-गार्ड लावा. जटा असेल तर 10 नंबर तिच्याखालून सरकवायची, वरून नाही. ब्लेड दर पाच मिनिटांनी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा, तापली की कुत्रा भाजतो.

धनगरवाडा
थोडा इतिहास, कारण केस कापायचं भांडण त्यानेच मिटतं. ही जात इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडची, डेव्हन आणि सॉमरसेटच्या बाजूची. काम कळप राखण्याचं कमी आणि गुरं-मेंढ्या बाजारापर्यंत हाकत नेण्याचं जास्त. त्या काळी मेंढ्यांची लोकर काढायच्या वेळी या कुत्र्यांचीही काढत आणि तिचं सूतही काढत. म्हणजे वर्षातून एकदा कापणं हीच जुनी रीत. ते लांब फुगवलेलं रूप प्रदर्शनांतून आलं. 1873 ला बर्मिंगहॅमच्या शोमध्ये ही जात पहिल्यांदा दिसली, 1888 ला इंग्लंडात क्लब निघाला, मग केस वाढतच गेले.

वाडी_नाका
हा लांडग्यांशी लढणारा कुत्रा आहे, बाजाराचा नाही.

धनगरवाडा
इंग्लंडातले लांडगे या जातीच्या कितीतरी आधी संपले. लांडग्याशी लढणारा म्हणजे हंगेरीचा कोमोंडोर, तो जटाधारी. दोघांत गल्लत होते. आखूड शेपटीबद्दल सांगतात की हाकणाऱ्यांच्या कामाच्या कुत्र्यांना करमाफी होती, खूण म्हणून शेपटी छाटत, म्हणून नाव बॉबटेल. कर 1796 चा, तेवढं खरं. शेपटीची जोड मात्र दंतकथा समजूनच वाचावी. इंग्लंडमध्ये 2007 पासून हौसेखातर शेपटी कापायला बंदी आहे, त्यामुळे तिथली नवी पिल्लं शेपटीवाली असतात. आणखी एक : पिल्लू काळं-पांढरं असतं, राखाडी रंग वयाबरोबर येतो. काळं दिसलं म्हणून फसवलं असं समजू नका.

बेसा_रोड
काऊन राजेहो, विलायती कायले पाह्यजे? मेंढपाळाचाच पाह्यजे तर धनगराचा कुत्रा पाहा. उन्हात चालते, वरणभात खाते, विंचराले वेळ लागत नाही.

काळा_लॅब
किंवा लॅब.

गोचीड_शत्रू
ही गोष्ट कुणीच लिहिली नाही आणि जीव हिच्यावर जातो. गोचीड किंवा खरूज झाली की आपल्याकडे सर्रास आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात. कोली नावाच्या मेंढपाळ कुत्र्यात आणि त्याच्या भाऊबंद जातींत, शीपडॉगमध्येही, काही कुत्र्यांत एमडीआर-1 नावाच्या जनुकात बिघाड असतो. तो असला की औषध मेंदूत शिरतं : लडखडणं, लाळ, आंधळेपणा, बेशुद्धी. सगळ्यांत नसतो, पण गालाच्या आतून काडी फिरवून तपासणी होते, ती होईपर्यंत मोठा डोस नको म्हणून डॉक्टरांना आधीच सांगा. घरातली लोपेरामाइडची गोळी जुलाबाला देऊ नका, तीही याच यादीत. एवढ्या केसांत गोचीड बोटांनीच शोधावी लागते : कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या बुडाशी. ताप, फिकट हिरड्या, कॉफीसारखी लघवी दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहेच.

अंबाझरी_पहाटे
उन्हाचं नीट सांगतो, वर फक्त भीती घातली आहे. कुत्रा घामाने नाही, धापा टाकून थंड होतो, म्हणजे जिभेवरचं पाणी उडालं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी, कूलर झकास चालतो, वाळ्याच्या ताट्या बदलल्या तर खोली बऱ्यापैकी उतरते. खिडकी उघडी हवी, नाहीतर ओल साठते. खरा त्रास जूनच्या शेवटी ते सप्टेंबर. पारा 34 असतो, पण हवा ओली, कूलर उलट दमट करतो आणि धापांनी काही होत नाही. तेव्हा कूलरचं पाणी बंद, नुसता पंखा किंवा एसी. नवतपात (मेअखेरीचे नऊ कडक दिवस) फिरणं पहाटे साडेपाचच्या आत आणि रात्री नऊनंतर. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर पंजेही ठेवू नका.

धापा थांबत नाहीत, हिरड्या गडद लाल, डोलत चालतो : गुदद्वारात थर्मामीटर लावा. साधारण 38 ते 39.2 हवं, 41 च्या वर जीव धोक्यात. नळाचं पाणी पोटावर, काखेत, जांघेत आणि जोरात पंखा, लगेच, मग गाडीत. 39.5 ला पाणी थांबवा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो आतली उष्णता कोंडतो.

सिव्हिल_लाइन्स
म्हणजे एसी लागतोच. मी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

त्रिमूर्ती_चौक
मुलाचं : चावरा नाही, पण हाकणारा आहे. मुलं पळाली की कमरेने धक्का देऊन वळवतो. 35 किलोचा धक्का आठ वर्षांच्या पोराला जमिनीवर आणतो. रागावून उपयोग नाही, पळापळ सुरू झाली की "बस" म्हणून खाऊ द्या, रोज, पहिल्या महिन्यापासून. आवाज मोठा आणि खोल, एकटा ठेवला तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचंच नाव. व्हिट्रिफाइड टाइल्सवर पंजाखालचे केस घसरतात आणि या जातीत खुब्याचा त्रास आहेच. पंजाखालचे केस कापा, चालायच्या वाटेवर रबरी मॅट टाका, दीड वर्षापर्यंत जिने आणि उड्या बंद. पिल्लाला वरून कॅल्शियम सिरप पाजू नका, मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य पुरतं. मोठेपणी कोरडं खाद्य रोज 350-400 ग्रॅम, म्हणजे महिन्याला साडेदहा ते बारा किलो. तुमचे 5 हजार बहुतेक इथेच संपतात.

वाडी_नाका
पिल्लूच घ्या. मोठा कुत्रा लळा लावत नाही.

धनगरवाडा
घेताना आईबाप दोघंही बघा, त्यांचे खुब्याचे एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी मागा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं 2017 च्या कुत्रा-पैदास नियमांत बसत नाही. या जातीत जन्मतः बहिरेपणा येतो, मागे उभं राहून किल्ल्या वाजवून बघा. एका कानाचा बहिरेपणा मात्र असा कळत नाही, त्याला यंत्रावरची तपासणी लागते.

संत्रानगरी
म्हणजे सगळे म्हणतात घेऊ नका.

तर्री_पोहा
सगळे नाही म्हणत, पण असो. ठरलं. पिल्लू नाही. पुण्याची पाच वर्षांची मादी, मालक परदेशी चाललेत, पैसे घेत नाहीत. खुब्याचे एक्स-रे पाहिले, ठीक आहेत. एमडीआर-1 तपासून घेतलंय, बिघाड नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही. नोव्हेंबरमध्ये रेल्वेच्या फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे (दोन बर्थची खोली) काढून आणतोय, पार्सल डब्यातली पेटी नको. केस वर्षभर तीन सेंटीमीटरच ठेवणार. नवा एसी घेत नाही. सासूबाई म्हणाल्या, माझ्या खोलीत झोपेल.

सिव्हिल_लाइन्स
एका बहिऱ्या कुत्रीसाठी पूर्ण कूपे. आणि बजेट आम्हाला शिकवता.

कंगवा_कात्री
एक कान गेलेल्या कुत्र्याला आवाज येतो, पण कुठून आला ते कळत नाही. हाक मारली की भलतीकडे बघेल. त्यामुळे हाताच्या खुणा शिकवा आणि इतर केस कसेही ठेवा, कपाळावरची झिपरी आधी कापा. डोळ्यांच्या वर सरळ रेषेत, बोथट टोकाच्या कात्रीने, पाती नाकाच्या दिशेने धरून. रबरबँड बांधू नका, मुळाशी ओढ बसून केस तुटतात.

काळा_लॅब
लॅबला झिपरी नसते.