शरूची दहावी आणि बडोद्याची बदली
(कुटुंबाच्या ग्रुपवरून, शनिवार रात्र)

बाबा: एक सांगायचं राहिलं होतं. कंपनीने बडोद्याच्या प्लांटला येणार का विचारलंय. जूनपासून. पद तेच, पगार बऱ्यापैकी जास्त. अजून होकार दिलेला नाही, मंगळवारपर्यंत सांगायचंय.

आत्या: अरे मग विचार कसला करतोस नितीन? आमच्याच सोसायटीत फ्लॅट बघते. दांडिया बाजार पायी अंतरावर, मराठी माणसांची जुनी वस्ती आहे ती. परकं काही वाटणार नाही.

विलासकाका: अभिनंदन. पण जूनमध्ये शरू दहावीत जाणार ना?

आई: तेच तर. चार दिवस आमच्याकडे दुसरा विषय नाही.

स्मिताकाकू: माझं स्पष्ट मत सांगू? दहावी-बारावीला पोरीला राज्याबाहेर नेऊ नका. मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्याला दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. आमच्या शेजारच्यांनी मुलाला अकरावीला बाहेर पाठवलं आणि नंतर डोक्याला हात लावून बसले.

ओंकारदादा: काकू, ते मेडिकलचं. इंजिनिअरिंगला आई किंवा वडिलांचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर टाइप बी या गटातून येता येतं. माझ्या वर्गात आहेत तसे दोघं.

स्मिताकाकू: तू तुझं केटी, तो राहिलेला पेपर, आधी सोडव.

ओंकारदादा: हा विषयच नव्हता काकू.

बाबा: तिथल्या दोन सीबीएसई शाळांना फोन केला होता. दहावीत सरळ घ्यायला कोणी उत्सुक नाही. नववी-दहावी मिळून दोन वर्षांचा अभ्यासक्रम धरतात, नोंदणी नववीतच होते. बदलीचं कारण दाखवून बोर्डाची परवानगी काढता येते म्हणाले, पण आवाजावरून कळलं, नको आहे त्यांना. दहावीच्या निकालाला कोण हात लावू देतं!

आत्या: मग गुजरात बोर्ड? गुजरातीची सक्ती आठवीपर्यंतच आहे, २०२३ च्या कायद्याने. ती आठवीच्या पुढे गेली.

आई: ताई, सेमी इंग्लिशची पोर. सगळी पुस्तकं बदलणार, आणि तीही दहावीला.

अण्णा: मी वाचत आहे. शाळेचे तुम्ही पहा. मला काळजी तिच्या वाचनाची आहे. काल तिच्या टेबलावर काय दिसले ते लिहितो. नारायण धारप, दोन. सत्यजित राय यांच्या फेलुदा या गुप्तहेराचे मराठी अनुवाद, तीन. आणि एक जपानी चित्रांचे पुस्तक, जे ती शेवटच्या पानापासून सुरू करते. या वयात मी हरिभाऊ आपटे संपवले होते. नाशिकच्या सावानासारखे (सार्वजनिक वाचनालय) १८४० सालचे वाचनालय सायकलवर दहा मिनिटांत, तिथून ही पोर भुते घेऊन येते.

ओंकारदादा: अण्णा, मांगा उजवीकडूनच वाचतात. ती सुरुवातच असते.

विलासकाका: अण्णा, माई सांगते की भूगोलाच्या पुस्तकात अर्नाळकरांच्या झुंजारच्या रहस्यकथा लपवून वाचायचं कोणीतरी. कोण बरं ते?

अण्णा: विषय बदलू नये.

स्मिताकाकू: [फॉरवर्ड केलेला संदेश] रोज सकाळी कोमट पाण्यात ओवा घेतल्याने…

विलासकाका: स्मिता, हा चुकीचा ग्रुप.

स्मिताकाकू: असू दे, इथेही कामाचं आहे.

आई: अण्णा, तिला वाचायला वेळ कुठे मिळतो हो? साडेपाचला उठते. शाळा, घरी येऊन जेवण, मग गणित-विज्ञानाचा क्लास, मंगळवार-शुक्रवार चित्रकला. रात्री दहाला पांघरुणात टॉर्च लावून जे काय वाचते तेवढंच तिचं स्वतःचं. मी टॉर्च दिसत नाही असं दाखवते. रविवारी मात्र ‘किशोर’चे जुने अंक संगणकावर उघडून बसते, बालभारतीने फुकट ठेवलेत ना, ते. वाचते कमी, चित्रं जास्त बघते.

आत्या: मग हिला सेंट्रल लायब्ररी आवडेल बघ. मांडवीजवळ आहे. मराठीची पुस्तकं तिथे गुजरातीच्या बरोबरीने मांडलेली. लोखंडी मांडण्या आणि वर काचेची जमीन आहे, उजेड खाली झिरपतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा साडी सावरत चालले होते.

अण्णा: सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला होता त्यासाठी. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या पाठवत. एका गावाने वाचून झाल्या की पुढच्या गावाला. आपल्या इथे कुसुमाग्रज प्रतिष्ठानचे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हे त्याच जातीचे काम. सयाजीराव मूळचे कवळाण्याचे, मालेगाव तालुका. बारा वर्षांचा नाशिक जिल्ह्यातला मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. त्याला कोणी विचारले नव्हते.

विलासकाका: म्हणजे अण्णा बडोद्याच्या बाजूने?

अण्णा: मी इतिहास सांगितला. बाजू सांगितली नाही.

शर्वरी: मी या ग्रुपवर आहे हे लक्षात आहे ना सगळ्यांच्या?

ओंकारदादा: झालं.

आई: शरू, तू झोपली नाहीस?

शर्वरी: टॉर्च तुला दिसते हे मला आत्ता कळतंय. थांबा, लिहितेय.

शर्वरी: पहिलं म्हणजे मला मेडिकलला जायचंच नाहीये काकू, रक्त बघितलं की मी बसते. त्या ८५ टक्क्यांचं टेन्शन माझ्यावर नको. दुसरं, मी इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड काढलीये. तिचे महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला सात गुण मिळतात. बोर्ड बदललं की ते सात गेले. चार दिवस तुम्ही मेडिकल, इंजिनिअरिंग सगळं बोललात, हे कोणाला आठवलं नाही. तिसरं, अण्णा, मी धारप भुतांसाठी वाचते हे खरं आहे. पण फेलुदा राय यांच्या चित्रांसाठी वाचते. गोष्ट त्यांचीच, चित्रं त्यांचीच. एक माणूस दोन्ही करतो म्हणजे करता येतं. मांगातही तेच. मला मुखपृष्ठं आणि आतली चित्रं काढायची आहेत.

शर्वरी: आणि मला बडोदा नकोय असं मी कधी म्हटलं? दहावी इथून द्यायची आहे एवढंच. पुढे फाइन आर्ट्सला बडोद्यालाच जायचंय. एम. एस. युनिव्हर्सिटी. सरांनी सांगितलंय.

आई: हे कधी ठरलं??

शर्वरी: तू विचारलं नाहीस.

आत्या: अगंबाई! आमच्या घरावरून रोज जातात ती पोरं, मोठाले बोर्ड काखेत धरून. रिक्षात मावत नाहीत ते बोर्ड.

अण्णा: बेंद्रे तिथे होते. ना. श्री. बेंद्रे. १९५० मध्ये चित्रकला विभाग सुरू झाला तेव्हा तेच प्रमुख. मूळ इंदूरचे. त्यांची चित्रे मी मुंबईत पाहिली आहेत. चांगले वाचन असलेला माणूस चांगली चित्रे काढतो, असे माझे मत आहे. तरीही हरिभाऊ वाचावेत.

शर्वरी: वाचेन. परीक्षेनंतर.

विलासकाका: चित्रकलेत पोट भरतं का, हा प्रश्न मी विचारतोय कारण दुसरं कोणी विचारणार नाही.

ओंकारदादा: काका, माझ्या वर्गातल्या सगळ्यांची पोटं इंजिनिअरिंगने भरणार आहेत असं वाटतं का तुम्हाला?

विलासकाका: तू वेगळा विषय आहेस.

स्मिताकाकू: ते बारावीनंतर बघता येईल. अकरावी-बारावी कुठे? कॉमर्स घे बाई, हाताशी काहीतरी असावं.

बाबा: शरू, दहावी इथून दिलीस तर वर्षभर तू, आई, अण्णा आणि माई इथे, आणि मी तिकडे. तू ते गृहीत धरलंयस का?

शर्वरी: हो बाबा. वाईट वाटतंय. पण तुम्ही शनिवारी याल ना?

बाबा: दर शनिवारी नाही जमणार. गाडीने यायचं तर सापुताऱ्याचा घाट, रेल्वेने यायचं तर कल्याण-वसईचा वळसा. महिन्यातून दोनदा येईन. दिवाळीत पूर्ण सुट्टी.

आई: मी नोकरी आणि अण्णांची औषधं आणि हिची दहावी, सगळं एकटीने करायचं का? विचारतेय, तक्रार नाही.

विलासकाका: अर्चना, फेब्रुवारी-मार्चचे दोन महिने अण्णा-माईंना आम्ही पुण्याला नेतो. स्मिताशी बोललोय.

स्मिताकाकू: आत्ता बोललात, किचनच्या दारात उभं राहून. पण हो, नेऊ. शरूच्या पेपरांच्या वेळी घर शांत हवं.

अण्णा: माझी कपाटे कोण झाकणार? उंदीर आहेत.

शर्वरी: मी झाकेन. आणि सावानाचं कार्ड माझ्या नावावर करा, नूतनीकरण मी करेन.

अण्णा: कार्ड माझ्याच नावावर राहील. तू वापर.

बाबा: ठीक. मंगळवारी कंपनीला सांगतो, जूनपासून मी येतो, कुटुंब पुढच्या वर्षी. घरभाड्याचा भत्ता दोन ठिकाणी देतात का तेही विचारतो. नाही दिला तर पुन्हा बसू.

आत्या: मेमध्ये शरूला आधी माझ्याकडे पाठवा. लायब्ररी दाखवते, फाइन आर्ट्सचं कॅम्पस दाखवते. आणि शेव उसळ. नाशिकच्या मिसळीपुढे नाही म्हणाल, पण खाऊन बघ.

ओंकारदादा: मी पण येऊ का?

स्मिताकाकू: केटी.

माई: [व्हॉइस मेसेज, ०:४१]

विलासकाका: कोणीतरी ऐका, इथे रेंज नाही.

शर्वरी: माई म्हणतेय की नितीनला साधा वरणभात लावता येत नाही, एकटा राहून काय खाणार आहे, आणि हे बदलीच्या आधी कोणी विचारात घेतलं का. मागून अण्णा ‘फोन दे इकडे’ म्हणतायत.

आत्या: रात्रीचा डबा मी देईन. पण नितीन, डबा घासून परत करायचा. कॉलेजात असताना कधी केला नाहीस.