'कस्प'ला मराठीत एकच शब्द हवा का?

दाढदुखी (छत्रपती संभाजीनगर): दंतवैद्यक शिकतोय. दाढेच्या चावायच्या बाजूला जी टोकं असतात त्यांना आम्ही 'कस्प' म्हणतो. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा 5 असतात. परवा पाहुण्यांना बीबी का मकबरा दाखवला, तर पश्चिमेकडच्या मशिदीच्या कमानींतल्या टोकांनाही इंग्रजीत हाच शब्द! मूळ लॅटिन 'कस्पिस', म्हणजे भाल्याचं टोक. माझं मत, दोन्हीकडं 'कंगोरा' चालवावा. 'दंताग्र' म्हटलं की पेशंट उघडलेलं तोंड मिटून घेतो.

रंधा (जालना): कंगोरा कामून? आमच्या सुतारकामात चौकटीला रंधा मारून जी नक्षीची धार काढतात तो कंगोरा. ती लांबच्या लांब जाते. टोकाचा काय संबंध? कंगोरेदार खांब बघितला नाही का कधी?

गोदाकाठची (नांदेड): महिरपीच्या दोन पाकळ्या जिथं मिळतात, तिथली अणकुची म्हणजे कस्प. लोक पाकळीलाच कस्प समजतात. आपण मराठीत मोजतो पाकळ्या, इंग्रजी मोजतं टोकं. नजरच वेगळी आहे, शब्द एक कसा होईल? आणि आपल्याकडं दात शब्द आधीच फिरून आलाय. करवतीचे दाते, फणीचे दाते, दातेरी किनार. इंग्रजीनं भाला दाढेत नेला, आपण दात करवतीत नेला.

दाढदुखी: 'दाते' दाढेलाच कसं म्हणणार? दाताला दाते? आणि हो, कमानीतलं टोक खाली लोंबतं, दाढेचं वर असतं, हेही खरंय.

रंधा: वरच्या दाढेचं कुठं असतं मग?

दाढदुखी: 😄 खालीच. हरलो.

कुंडलीवाला (परभणी): ज्योतिषातल्या कृष्णमूर्ती पद्धतीत कस्प म्हणजे भाव, म्हणजे कुंडलीतलं घर, जिथं सुरू होतो तो बिंदू. आम्ही सरळ कस्पच म्हणतो. कुणाचं काही अडलं नाही.

गोदाकाठची: म्हणजे तुमच्याकडं तो उंबरठा झाला. हृदयात बघा, महाधमनीच्या झडपेला 3 कस्प असतात, आणि तिथं कस्प म्हणजे चक्क पडद्याची पाकळी. कमानीत पाकळी सोडून उरतं ते, झडपेत पाकळीच. झडपेला कंगोरे म्हणून बघा बरं.

दाढदुखी: झडपेचं मान्य. पण उद्या एखाद्या आजीचा कस्प तुटलेला दिसला तर सांगू काय?

रंधा: दाढेचा टवका उडालाय म्हणा.