सिंगापूर: मित्रांबरोबर निवांत शनिवार-रविवार कुठे काढावा? (मॉल आणि सेंटोसा सोडून)

दमटहवा
मंडळी, जरा डोकं चालवा. कॉलेजचे दोन दोस्त, एक क्वालालंपूरहून नि एक जकार्ताहून, बायकांसकट आमच्याकडे येतायत. आम्ही धरून सहा जण. सेंटोसा, मरीना बे सगळ्यांचं दोन-दोनदा झालंय. खरं तर नुसत्या गप्पा हाणायच्यात, पण घरी बसलो की एसी लावून जो तो फोनात डोकं घालणार. एकाचा गुडघा कुरकुरतो. दमवणारी सहल नको, पण बाहेर पडल्यासारखं वाटायला हवं.

उशीरालतीफ
ईस्ट कोस्ट पार्क. बार्बेक्यू पिट बुक करा, चटया टाका, विषय संपला. शनिवारचे पिट पटापट जातात, आजच बघा. रात्री साडेदहानंतर सार्वजनिक जागी दारू चालत नाही (२०१५ पासून), तेव्हा बाटल्या आवरून ठेवा.

काठावरचा_कोकणी
शेजारच्या पिटवरची गाणी ऐकायची हौस असेल तर ईस्ट कोस्टला जरूर जा. मी म्हणेन पुलाउ उबिन, चांगीसमोरचं छोटं बेट.

तानाह मेराह स्टेशनहून २ नंबरची बस चांगी व्हिलेजला सोडते. तिथल्या धक्क्यावरून लाकडी बंबोट सुटतात, माणशी ४ डॉलर, रोख. वेळापत्रक वगैरे काही नाही. बारा माणसं भरली की निघायचं. तुम्ही सहा, म्हणजे अजून सहांची वाट बघत बाकावर बसायचं. आपला खरा निवांतपणा तिथेच सुरू होतो. घाई असलेले बाराजणांचे पैसे भरून निघतात, पण मग उबिनला जायचं तरी कशाला?

पलीकडे चेक जावा बघा, उबिनच्या टोकाचा पाणथळ किनारा. २००१ साली तिथे भराव पडायचा होता, लोकांनी रेटा लावला म्हणून वाचला. खारफुटीतून आणि समुद्रावरून चालायची वाट काढली आहे. खाली चिखलात निवटे (चिखलातले छोटे मासे) उड्या मारत असतात, अगदी आपल्या खाडीत असतात तसेच. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा अर्धा तास कठड्याला टेकून उभा होतो, बायको पुढे निघून गेली.

एकच अट. ओहोटी बघून जा. पाणी अर्ध्या मीटरच्या खाली उतरतं तेव्हाच सगळं उघडं पडतं. भरतीला गेलात तर खाली गढूळ पाणी नि वर तुम्ही.

दमटहवा
हे आवडलं. पण ओहोटीची वेळ? आणि गुडघेवाल्याला सायकल झेपायची नाही.

काठावरचा_कोकणी
भरती-ओहोटीचा तक्ता नेटवर मिळतो. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून शनिवारचं गणित रविवारी लावू नका. गुडघ्यासाठी उबिनच्या धक्क्याजवळ व्हॅन मिळते, भाडं आधी ठरवा. बाकीच्यांनी सायकली घ्याव्यात. घेण्याआधी ब्रेक दाबून बघा, उतार आहेत.

जुराँगची_सासुरवाशीण
दोन सूचना. सकाळीच जा, दुपारी वीज-गडगडाटाचा पाऊस आला तर त्या वाटेवर आडोसा नाही. आणि खायचं प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका. रानडुकरांना त्या पिशवीची सळसळ बरोबर कळते. त्यांना खायला घालणं तर गुन्हाच आहे.

रविवार मोकळा ठेवा हो. पाहुण्यांना दोन्ही दिवस फिरवणारे यजमान मला तरी बघवत नाहीत. फार तर सकाळी बोटॅनिक गार्डन, पहाटे पाचला उघडतं. झाडाखाली चादर टाकून पडा.

उशीरालतीफ
पहाटे पाच? हा धागा निवांतपणाचा आहे ना?

दमटहवा
जाऊन आलो, वृत्तांत देतो.

धक्क्यावर पाऊण तास बसलो. अकरा माणसं झाली आणि बारावं काही येईना. शेवटी सायकल घेऊन एक आजोबा आले, तेव्हा आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनाही मजा वाटली.

ओहोटी नेमकी साधली. निवटे दिसले, एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे दिसले, धनेशाची जोडी तर डोक्यावरून गेली. गुडघेवाला व्हॅनने आमच्या आधी पोचला आणि आम्ही घामाघूम आलो तेव्हा नारळपाणी पीत बसला होता. चेक जावाच्या दारात सायकली लावाव्या लागतात. तिथेच घात झाला. बायकोने दशम्या नि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली होती, सूचनेप्रमाणे. पण डबा मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सायकलच्या टोपलीत ठेवला. परत येतो तो डुक्कर डब्याशी झटतंय. चटणी संपवून झाली होती. गुन्हा ठरतो का हा? मुद्दाम घातलं नाही हो.

रविवारी बोटॅनिकला जायचं होतं, पण पहाटेच 'सुमात्रा' आला, म्हणजे इथलं ते पश्चिमेकडून येणारं वादळ. खिडक्या आपटायला लागल्या. सगळे उठून हॉलमध्ये आले, हवा गार झाली म्हणून एसी बंद केला आणि फरशीवर पसरलो. अकरा कधी वाजले कळलं नाही. चहा चार वेळा झाला.

आता एकच. कुणी उबिनला जाणार असाल तर चेक जावाच्या सायकल स्टँडपाशी निळं झाकण पडलंय का बघा. सासूबाईंचा डबा आहे, त्या दिवाळीत येतायत.