वेगळा धडा नको, मुलाखत घ्यायला द्या

भाषेच्या तासाला मुलांना करिअरची ओळख करून द्या म्हटलं की शिक्षक विचारतात, ‘अभ्यासक्रमच संपत नाही, त्यात हे कुठे घुसवणार?’ मुद्दा रास्त आहे. पण वेगळा धडा लागतच नाही. ‘मी कोण होणार’ हा निबंध काढा (तो तसाही पाठ केलेलाच येतो) आणि त्याजागी काम करणाऱ्या एका माणसाची पंधरा मिनिटांची मुलाखत मुलांना घ्यायला द्या.

घोडं अडतं ते प्रश्नांवर. ‘काम आवडतं का?’ विचारलं की उत्तर ‘हो’, आणि वही कोरी. म्हणून आधी एक अख्खा तास प्रश्न घडवण्यात घालवा. ‘काल सकाळपासून काय काय केलंत?’, ‘शेवटची चूक कोणती झाली, ती कशी निस्तरली?’ असे सहा प्रश्न पुरतात. मग उत्तरं तृतीयपुरुषात, दीडशे शब्दांत. इथे ‘मी हिशोब तपासते’चं हमखास ‘त्या हिशोब तपासते’ होतं. व्याकरण तिथेच शिकवून टाकायचं. शेवटी ‘यातलं मला काय जमेल, काय नाही’ यावर चार ओळी. त्यांना मात्र गुण ठेवू नका, नाहीतर मुलं शिक्षकांना आवडेल तेच लिहितात.